वाहत्या पाण्यातलं शून्य

“मॅडम, मी घाबरले होते की नव्हते, तेवढंच सांगा,” निकिता म्हणाली.

मी काय सांगणार, कपाळ माझं! समोरच्या पडद्यावर हिरवी रेघ होती. कार्यकारी अभियंता गडेकर साहेबांची केबिन, यंत्र बसल्यापासून आजपर्यंत. हिरवी म्हणजे हिरवीच. तिच्या तक्रारीत जे जे दिवस होते, त्यांच्यावर एकेक करून बोट ठेवलं. तिथेही हिरवी.

“यंत्र म्हणतंय, नव्हतीस.”

ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “मग मला वेड लागलंय का हो?” तो प्रश्न पुढे कितीतरी दिवस माझ्या डोक्यात ठाण मांडून होता.

मी कुमुद नेहेते. जलमापन मंडळाच्या जळगाव कार्यालयात उपअभियंता. घरोघरी पाण्याचे मीटर बसले तेव्हापासून हे मंडळ आहे आणि जवळजवळ तेव्हापासून मीही. शिवाय कार्यालयातली सगळ्यात ज्येष्ठ बाई म्हणून अंतर्गत तक्रार समितीची अध्यक्ष. हे पद कुणी मागून घेत नाही, वयाबरोबर ते गळ्यात पडतं.

निकिता तायडे मीटर तपासणी विभागात कनिष्ठ अभियंता. पोरगी हुशार, पण अजून परिविक्षेवर. म्हणजे तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे गडेकर साहेबांच्या एका शेऱ्यावर अवलंबून. साहेब तिला केबिनमध्ये एकटीला बोलवत. “इकडून या, स्क्रीन इकडून नीट दिसतो,” म्हणत. ती खुर्चीमागे गेली की माउसवरच्या तिच्या हातावर हात ठेवत. आणि एका संध्याकाळी दार लावून, तिचा दंड धरून त्यांनी विचारलं होतं, “कायम व्हायचंय ना तुला?” तिने लेखी तक्रार दिली. आमच्या कार्यालयात अशी हिंमत तिच्याआधी कुणी केली नव्हती.

आता ते यंत्र. सरकारी परिपत्रकात त्याचं नाव ‘गंधसाक्षी’. आम्ही सगळे त्याला नाक म्हणायचो.

उन्हाने येणारा घाम वेगळा आणि भीतीने येणारा वेगळा. उन्हाचा घाम अंगभर येतो आणि तो बहुतेक मीठपाणीच. माणूस भ्यालं की काखेतल्या निराळ्या ग्रंथी जाग्या होतात आणि त्यांच्यातून काही बारीक द्रव्यं हवेत उडतात. आपल्या नाकाला ती धड कळत नाहीत, कुत्र्याला लगेच कळतात. कुणीतरी ती द्रव्यं नेमकी वेगळी काढली आणि ती हुंगणारी चिप बनवली. काडेपेटीएवढी डबी, वर एक दिवा. हिरवा म्हणजे सगळं ठीक, पिवळा म्हणजे कुणीतरी अस्वस्थ, तांबडा म्हणजे भय. ना कॅमेरा, ना आवाजाची नोंद. कोण भ्यालं ते डबीला कळत नाही. कुठल्या खोलीत किंवा टेबलाशी, केव्हा आणि किती, एवढंच कळतं.

सरकारला हे फार आवडलं. बाईचा शब्द आणि साहेबाचा शब्द यांच्यात कुणाचा खरा, ही कटकटच मिटली. आता डबी सांगेल. पूर्वी निदान साक्षीपुरावे तरी बघायचे. नव्या नियमात नाकाचा आकडा तक्रारीशी जुळला नाही तर तक्रार तथ्यहीन ठरवायची, आणि तक्रार करणारी परिविक्षेवर असेल तर तिची सेवा संपवायची. अहवालावर सही माझी.

डबी बसली तेव्हा आम्ही बायकांनी पेढे खाल्ले होते. काय म्हणावं आम्हाला!

डिसेंबरात विधानसभेच्या अधिवेशनासाठी गडेकर साहेब नागपूरला गेले. निकिताला मी चौकशीपुरती रजा दिली होती. साहेब गेले त्याच दिवशी दुपारी सुलभा माझ्या टेबलापाशी आली. सुलभा पाचपांडे आमची कार्यालय अधीक्षक, समितीची सदस्य आणि माझी डबा खाण्यातली जोडीदारीण.

“कुमुद, नाकं बिघडली गं. सगळीकडे निळा दिवा लागलाय.”

निळ्या दिव्याचा अर्थ पुस्तिकेत होता: मोजमाप शून्याच्या खाली, कंपनीला कळवा. मी बाहेर आले. खरंच, प्रत्येक टेबलावर निळं. बायका चार टेबलं जोडून जेवत होत्या. लेखा विभागातली एक चक्क गाणं म्हणत होती, आणि मी तिला इतक्या वर्षांत गुणगुणतानासुद्धा ऐकलं नव्हतं.

“मीटर उलटं फिरतंय म्हण की,” सुलभा हसत म्हणाली.

आणि मी जागच्या जागी थिजले.

आमच्या कामातला पहिला धडा, पहिल्या दिवशी शिकवतात तो: पाणी वाहत असताना मीटर शून्य करायचं नाही. आधी व्हॉल्व्ह बंद करायचा. नाहीतर वाहत्या पाण्यालाच मीटर शून्य समजतं, आणि मग पाणी खरोखर बंद झालं की काटा शून्याच्या खाली जातो, उलटा. शिकाऊ पोरांना या चुकीसाठी मी कितीदा फैलावर घेतलंय.

डबी बसवताना कंपनीचा माणूस म्हणाला होता, “आठवडाभर नेहमीसारखं काम करा. तुमची रोजची हवा ती शून्य धरेल.” आणि आम्ही नेहमीसारखं काम केलं. आमचं नेहमीसारखं म्हणजे काय? साहेबांच्या केबिनमध्ये एकटीने जायचं नाही. जावंच लागलं तर दुसरीने पाच मिनिटांनी फोन करायचा. लिफ्टमध्ये साहेब दिसले की जिन्याने चढायचं. नवी मुलगी आली की पहिल्याच दिवशी तिला हे सगळं शिकवायचं, जसं चहाचं मशीन कसं चालवायचं ते शिकवतो तसं. याला भीती म्हणतात हे आमच्यापैकी कुणाला सुचलंच नाही, आम्हाला तर ती कामाची शिस्त वाटायची. अख्ख्या जिल्ह्याचे मीटर तपासणारे आम्ही, आणि स्वतःचं मीटर वाहत्या पाण्यात शून्य केलं!

“काय गं, भूत बघितल्यासारखी काय करतेस?” सुलभा म्हणाली.

“काही नाही. पित्त झालंय.”

टेबलाशी परत आले तर माझ्या डबीवरचा दिवा निळ्याचा हिरवा आणि हिरव्याचा पिवळा होत होता. लगेच फोन वाजला. गडेकर साहेब.

“नेहेते मॅडम, तब्येत बरी आहे ना?” आवाज अगदी मऊ. “सगळं ऑफिस निळं दिसतंय आणि तुमचं एकटीचं टेबल पिवळं.”

कार्यालयप्रमुख म्हणून सगळ्या दिव्यांचा तक्ता त्यांच्या मोबाइलवर दिसायचा, हे मला माहीत होतं. तो तक्ता ते असा वाचत असतील, हे मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हतं. कुणाच्या टेबलाशी काय शिजतंय ते नागपुरात बसून या माणसाला दिसत होतं. आमच्या रक्षणासाठी आणलेलं यंत्र त्याने आमच्यावरच पहाऱ्याला बसवलं होतं.

“ॲसिडिटी आहे सर,” मी म्हटलं.

“जपा. निवृत्ती जवळ आली तुमची. यंत्राला हात लावू नका. परवा मी आलो की कंपनीच्या माणसाला बोलावून शून्य करून घेऊ, सगळे हजर असताना. आणि तायडेचा अहवाल परवाच सही करून टाका. काय?”

“हो सर.”

हो सर! जीभ कशी झडली नाही माझी. पण खरं सांगते, मी भ्याले होते. आमच्या आधीच्या एका उपअभियंता बाईंनी त्यांना उलट उत्तर दिलं होतं. त्यांच्यावर चौकशी लागली ती निवृत्तीनंतरही मिटली नाही, पेन्शन अडकली ती अडकलीच. घरी हा विषय काढला तर आमचे हे म्हणाले, “कुमुद, नसत्या भानगडीत पडू नकोस. पोरीला दुसरी नोकरी मिळेल.” मिळेल हो. पण ‘मला वेड लागलंय का’ याचं उत्तर तिला कुठल्या नोकरीत मिळणार होतं?

शून्य करायची किल्ली, म्हणजे सांकेतिक शब्द, नियमाने समितीच्या अध्यक्षेकडे असतो. शिवाय डबी रोजचा कच्चा आकडा जपून ठेवते. हिरवं की तांबडं, हे त्यातून शून्य वजा केल्यावर ठरतं. आमच्या मीटरचंही तसंच: शून्य सुधारलं की मागची चुकलेली बिलंही आपोआप सुधारतात. तेव्हा उद्याच्या दिवसात, साहेब नसताना, व्हॉल्व्ह बंद असताना, नवं शून्य घ्यायचं. अर्ध्या तासाचं काम.

अडचण एकच होती. आता कार्यालयात भ्यालेली एकच बाई उरली होती, आणि ती मी होते. मी आत असले तर माझीच भीती शून्यात मिसळणार. आणि कुणाला सांगावं तर तीही भिणार. म्हणजे सगळ्यांना खुशीत आत बसवायचं, कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही आणि मी बाहेर राहायचं.

हिवाळ्यात जळगावच्या माणसाला खुशीत आणायला फार अक्कल लागत नाही. मी सकाळीच जाहीर केलं, “आज दुपारी भरीत पार्टी. वांगी माझ्याकडून.”

असा आरडाओरडा झाला म्हणून सांगू! कुणी पुऱ्यांचं पीठ आणलं, कुणी कांद्याची पात. कार्यालयामागच्या मोकळ्या जागेत मी कपाशीच्या काड्या पेटवल्या आणि हिरवी लांबट वांगी जाळावर टाकली. त्याआधी समिती कक्षात जाऊन पडद्यावर आदेश दिला: नवं शून्य, पंधरा मिनिटांनी सुरू. डबीला वांग्या-मिरचीच्या वासाचं काही नसतं, तिला भीतीच तेवढी कळते. आदेश दिला आणि तिथून अक्षरशः पळत सुटले, आपली भीती मागे सांडू नये म्हणून. हसू नका. त्या वेळी मला खरंच तसं वाटत होतं.

भाजलेली वांगी आत गेली. लाकडी बडगीत ती ठेचायचा आवाज येऊ लागला, मग हसण्याचा. मी जाळापाशी उभी.

सुलभा बाहेर आली. “चल ना आत. सगळ्या खोळंबल्यात तुझ्यासाठी.”

“एवढी चार भाजते नि येते.”

“मगाशीच संपली वांगी. नुसत्या काड्या काय जाळतेस?” तिने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि तिचा आवाज खाली आला. “कुमुद, तू घाबरलीयेस.”

“तुला कसं कळलं?”

“देवाने मलाही नाक दिलंय.”

मग सांगितलं तिला. दुसरं करणार काय? ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. “माय वं! साहेबांना कळलं तर?”

“कळणारच. शून्य झालं की त्यांना निरोप जातो.”

ती आत जायला वळली आणि दारातच थबकली. परत येऊन माझ्याशेजारी उभी राहिली. “आता मीही आत गेले तर बिघडेल ना गं?” आम्ही दोघी पन्नाशी कधीच उलटलेल्या बायका राखेकडे बघत उभ्या, आणि आत आमच्या वाटचं भरीत संपत होतं. हातातला फोन वाजायला लागला. साहेबांचं नाव. मी उचलला नाही. थांबला, पुन्हा वाजला. त्या फोनची मला इतकी धास्ती वाटली की तो जाळात टाकावासा वाटला. सुलभाने माझा हात घट्ट धरला, तिचा हात माझ्यापेक्षा गार होता.

दुसऱ्या दिवशी सुनावणी. समिती कक्षात मी, सुलभा आणि बाहेरच्या सदस्य म्हणून वकील पिंगळे बाई. निकिताला शेजारच्या खोलीत बसवलं होतं. टेबलावरच्या डबीचा दिवा सकाळी हिरवा होता. खरा हिरवा.

साडेदहाच्या सुमारास खाली गाडीचा हॉर्न वाजला. साहेबांच्या ड्रायव्हरची दोनदा वाजवायची सवय. साहेब अजून फाटकातच होते, आणि डबी पिवळी झाली.

मी कक्षाच्या काचेतून बाहेर पाहिलं. साहेब जिना चढून आले आणि टेबलांच्या मधून चालत निघाले. ते पुढे येतील तसा एकेका टेबलावरचा दिवा तांबडा होत गेला. लेखा विभाग, आवक-जावक, मीटर तपासणी. बायका माना खाली घालून काम करत होत्या, नेहमीसारख्या. फरक इतकाच की आज ते दिसत होतं. मला वाटलं मी ओरडेन.

“कुणी हात लावला यंत्राला?” साहेबांनी आत येताच विचारलं. आवाज चढलेला नव्हता. ते कधीच आवाज चढवत नसत.

“मी, सर.” माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले, “मी. जुनं शून्य चुकीचं होतं. वाहत्या पाण्यात घेतलेलं होतं.”

पिंगळे बाईंनी पडदा आमच्याकडे वळवला. साहेबांच्या केबिनची तीच रेघ, सुधारलेल्या शून्यावरून पुन्हा काढलेली. निकिताने लिहिलेला प्रत्येक दिवस तांबडा. आणि एकट्या निकिताचेच नाहीत, मधलेही किती दिवस तांबडे होते! त्या दिवशी आत कोण गेलं होतं, ते त्या त्या बाईलाच ठाऊक.

“या आकड्यांवर आणि मुलीच्या जबाबावर माझं मत पक्कं आहे,” पिंगळे बाई म्हणाल्या. “तक्रार सिद्ध होते. अहवालावर मी सही करतेय.” त्यांनी केली. सुलभाने केली. मग मी केली. ती सही माझीच आहे असं बँकेने कधी मानलं नसतं.

साहेब हसले. “फेरफार आहे हा. मी वर कळवतो. आत्ताच्या आत्ता माझ्यासमोर यंत्र पुन्हा शून्य करा. मी या खोलीतून हलणार नाही. बघतो तुम्ही काय करता ते.”

मला तर वाटलं, संपलं सगळं. इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडातून ‘हो सर’ निघूनही गेलं. पण त्याच्या पाठोपाठ, कुठून कोण जाणे, तो पहिला धडाही निघाला. “करते ना सर. पण आधी व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. भ्यालेल्या माणसांनी खोलीत थांबायचं नाही. म्हणजे आम्ही सगळ्या बाहेर जातो. पंखा लावते, दहा-पंधरा मिनिटांत खोलीतली हवा बदलते. दिवा हिरवा झाला की बाहेरच्या पडद्यावरून शून्य घेते. तुम्ही बसा.”

“बसतो की,” साहेब म्हणाले आणि पाय पसरून बसले.

आम्ही बाहेर आलो. दार लावलं. निकिताही येऊन माझ्या बाजूला उभी राहिली. तिच्यामागे लेखा विभागातली ती गाणारी, मग आवक-जावकमधली, एकेक करत सगळ्याच आल्या. काचेपलीकडे साहेब टेबलावर बोटं वाजवत बसले होते, समोर डबी आणि वर फिरणारा पंखा.

दिवा तांबडाच होता. मी मनात म्हटलं, आमची हवा अजून गेली नसेल.

वाट पाहिली. दिवा क्षणभर पिवळा झाला. साहेबांनी वळून काचेतून बाहेर पाहिलं. आम्ही सगळ्या उभ्या होतो. दिवा पुन्हा तांबडा झाला, आणि तांबडाच राहिला.

“मॅडम,” निकिता हळूच म्हणाली, “आता आत आपल्यातलं कुणीच नाही ना?”

“कुणीच नाही.”

तिने एक लांब श्वास सोडला. साहेबांचं लक्ष आता डबीवर गेलं होतं. त्यांनी ती उचलली, उलटी केली, पंख्याखाली धरली, रुमालाने मान पुसली. दिवा हलला नाही. मग ते उठून दाराशी आले. दाराला कडी नव्हती, नुसतं ओढलं असतं तरी उघडलं असतं. पण ते आतूनच, दारावर हलकेच टकटक करत म्हणाले, “मॅडम, झालं का? येऊ का बाहेर?”

त्या केबिनच्या दारात उभं राहून ‘येऊ का, सर?’ असं आम्ही किती वेळा विचारलं असेल, देवच जाणे. मी अजूनही भ्यालेलीच होते. खोटं कशाला सांगू, आज हे सांगतानाही भिते.

“थांबा, सर,” मी म्हणाले. “पाणी अजून वाहतंय.”